झाकलेला ओढा उघडला तेव्हा

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे असू द्या. आज आपण बसल्या जागी एका लांबच्या शहरात फिरायला जाणार आहोत. दक्षिण कोरियाची राजधानी सोल. या शहराच्या भर वस्तीतून एक ओढा वाहतो, त्याचं नाव चॉन्गेचॉन. चाळीसहून जास्त वर्षं हा ओढा सिमेंटखाली गाडलेला होता. आज त्याच्या काठानं माणसं फिरतात, पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडतात. आपण तो बघू, आणि ओढ्याचं काम निघतं तेव्हा काठावरच्या माणसांचं काय होतं, तेही बघू.

आधी त्याची कहाणी ऐका. सोल राजधानी झाली तेव्हापासून सगळ्या शहराचं सांडपाणी आणि पावसाचं पाणी हाच ओढा वाहून नेई. बायका काठावर धुणं धूत. गाळ साचला की पूर यायचा. १७६० साली तिथल्या राजानं सुमारे २ लाख माणसं लावून गाळ काढला. त्यातल्या काहींना रोजाची मजुरीही मिळाली. आपल्याकडच्या दुष्काळी कामाची आठवण येते की नाही?

पुढे १९५० ते १९५३ कोरियात युद्ध झालं. घरदार सोडून आलेली माणसं ओढ्याच्या काठाला लाकडी खांबांवर झोपड्या उभारून राहिली. खालून घाण पाणी, वर संसार. मग १९५८ पासून ओढ्यावर सिमेंटचा स्लॅब पडायला लागला. त्यावर रस्ता झाला, रस्त्यावर लांबलचक उड्डाणपूल झाला. दिवसाला दीड लाखांवर गाड्या तिथून जायच्या. ओढा होता, हेच नव्या पोरांना माहीत नव्हतं.

तो पूल जुना होऊन धोक्याचा झाला. २००३ साली नगरपालिकेनं दुरुस्ती करण्याऐवजी पूल पाडला, स्लॅब फोडला आणि २००५ च्या ऑक्टोबरात जवळजवळ ६ किलोमीटर ओढा लोकांसाठी खुला केला. आता तिथं मासे आहेत, बगळे येतात. उन्हाळ्यात आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा काठावर हवा काही अंशांनी थंड असते.

चला, आता पश्चिमेच्या टोकापासून चालायला लागू. थोडं चाललं की एक दगडी पूल लागतो, ग्वांगटोंग पूल. त्याच्या पोटाशी वाकून बघा. काही दगडांवर सुंदर नक्षी आहे, पण ती उलटी. हे दगड एका राणीच्या समाधीचे. तिच्या सावत्र मुलाचा तिच्यावर राग होता. तो राजा झाल्यावर तिची समाधी मोडली गेली आणि १४१० साली ते दगड पुलाला लावले. राणीच्या समाधीवरून सगळं गाव चाललं! सहाशे वर्षं झाली, पण दगडांनी गोष्ट जपून ठेवली.

आणखी पुढे भिंतीवर फरश्यांचं लांबलचक चित्र आहे, जवळजवळ १८६ मीटरचं. १७९५ साली एका राजानं आईची साठी साजरी करायला तिला वाजतगाजत सुवॉन गावी नेलं, त्या मिरवणुकीचं. एका पुलावर एका बाईची हेटाळणी, अन् थोड्या अंतरावर दुसरीचा मान.

आता पोटाला आधार हवा. काठालगतच ग्वांगजांग बाजार आहे, १९०५ सालचा. वर रेशमी कापडाची दुकानं, खाली खाण्याच्या गाड्या. बहुतेक गाड्यांवर बायकाच. भिजवलेले मूग जात्यावर वाटायचे, त्यात भाजी घालायची आणि भरपूर तेलात जाड धिरडं तळायचं. त्याला ते बिंदेत्तोक म्हणतात. जातं आता मोटारीवर फिरतं, पण दगडाचंच आहे. आपल्या बचत गटातल्या कुणालाही ते बघून वाटेल, हे तर आपणही करू!

बाजारापासून पुढे एका पुलावर एका तरुणाचा पुतळा आहे. जॉन ते-इल त्याचं नाव. इथे जरा थांबू. या काठावर कपडे शिवण्याचे कारखाने होते. माळ्यासारख्या बुटक्या खोल्या, ताठ उभं राहता येत नसे, कापडाची धूळ छातीत जाई. तेरा-चौदा वर्षांच्या पोरी तिथं दिवसाला चौदा-चौदा तास राबायच्या. हा पोरगा तिथंच कापड बेतायचा. बसच्या भाड्याचे पैसे तो उपाशी पोरींना खाऊ घ्यायला खर्च करी आणि स्वतः घरी चालत जाई. कामगारांसाठी कायदा कागदावर होता, पण पाळत कुणी नव्हतं. त्यानं अर्ज केले, लोक जमवले, कुणी ऐकलं नाही. १३ नोव्हेंबर १९७० ला, बाविसाव्या वर्षी, त्यानं स्वतःला पेटवून घेतलं. त्याची आई ली सो-सन रडत बसली नाही. तिनं पोरींची संघटना उभी करायला बळ दिलं आणि २०११ साली मरेपर्यंत कामगारांसाठी झटली. लोक तिला कामगारांची आई म्हणत. ओढ्याच्या काठी आता जॉन ते-इलचं स्मारकभवनही आहे. आपल्या अंगावरचा कपडा कुणी, किती तास बसून शिवला असेल, हा प्रश्न तिथं उभं राहिलं की पडतोच.

आणखी पूर्वेला गेलं की धुण्याची जुनी जागा आठवण म्हणून पुन्हा मांडली आहे, दगडांसकट. पाडलेल्या उड्डाणपुलाचे तीन खांब मुद्दाम तसेच ठेवलेत. शेवटी ओढ्याचं संग्रहालय आहे आणि त्याच्यासमोर खांबांवरच्या झोपड्यांचा नमुना उभारला होता. शहरानं आपली गरिबी लपवली नाही, हे मला आवडतं.

पण मैत्रिणींनो, नाण्याची दुसरी बाजूही बघू. काम निघालं तेव्हा काठावरच्या शेकडो फेरीवाल्यांना उठवलं. त्यांना एका जुन्या मैदानात जागा दिली. काही वर्षांत ते मैदानही पाडलं आणि त्यांना पुन्हा हलावं लागलं. त्या मैदानाच्या जागी आज मोठी, वळणावळणाची चकचकीत इमारत आहे, झाहा हदीद या बाईच्या आराखड्याची. बघण्यासारखी आहे. पण तिच्याकडे बघताना दोनदा गाठोडं बांधलेली माणसंही आठवावीत.

दुसरी गोष्ट पाण्याची. हा ओढा आपोआप भरत नाही. हान नदीचं पाणी पंपानं वर आणतात, भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत झिरपणारं पाणी त्यात सोडतात. योजना दिवसाला १ लाख २० हजार टनांची होती. आपल्या १० हजार लिटरच्या टँकरनं मोजलं तर रोज १२ हजार टँकर! पंप चालतो, वीज लागते, बिल येतं. जोराचा पाऊस आला की गटारांची दारं उघडतात आणि काठावरच्या माणसांना वर काढावं लागतं. म्हणजे ओढा उघडून काम संपलं नाही, रोजचं सांभाळणं आलंच.

आपल्या गावच्या ओढ्याचं खोलीकरण निघेल, काठ बांधायचा ठराव येईल, तेव्हा ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. पाणी कुठून येणार आणि उन्हाळ्यात किती टिकणार? काठावर धुणं धुणारी, जनावरं पाजणारी, भाजी विकणारी माणसं कुठे जाणार? आणि पाच वर्षांनी गाळ कोण काढणार, पैसे कोण देणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि मगच सही करा. ओढ्यावर सगळ्यात जास्त वेळा जाते ती बाई. तिला विचारल्याशिवाय नकाशा पुरा होत नाही.

आज इथेच थांबते. पुढच्या बैठकीत तुमच्या ओढ्याचं नाव काय आणि त्याच्या काठी पूर्वी काय काय चालायचं, हे म्हाताऱ्या बायांना विचारा आणि वहीत टिपून ठेवा.