दोन फासे आणि दर्जाचा रकाना

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही गेली तीस वर्षे लातूरच्या डाळ मिलमध्ये काम करतो. शाळा आमची सातवीत सुटली. पुढचं जे काही शिक्षण झालं ते रात्रपाळीत आणि या विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर. असा माणूस आज एका खेळावर बोलणार म्हटल्यावर काही जणांना हसू आलं. हसायला हरकत नाही, पण ऐकून घ्या.

नांदेडला इंजिनिअरिंगला असलेला आपल्या वस्तीतला एक मुलगा सुट्टीत एक खेळ घेऊन आला. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. कागद, पेन्सिल आणि दोन फासे. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक सोंग घेतात आणि सूत्रधार सांगेल त्या जगात ते सोंग वठवतात. खेळाचं नाव ट्रॅव्हलर. अमेरिकेत मार्क मिलर नावाच्या माणसाने तो १९७७ मध्ये काढला. हजारो वर्षांनंतरचं जग, माणूस ताऱ्याताऱ्यांवर राहायला गेलेला.

त्यात प्रत्येक ग्रहाला तंत्रज्ञानाचा एक आकडा असतो. शून्य म्हणजे दगडाची हत्यारे. आकडा वाढत जाईल तशी वीज, विमान, मग ताऱ्यांकडे जाणारी जहाजे. आणि प्रत्येक माणसाच्या कागदावर सहा रकाने असतात : ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शिक्षण आणि सहावा, सामाजिक दर्जा. दोन फासे टाकायचे, दोन ते बारा जो आकडा पडेल तो तुमचा. म्हणजे जन्म कुठे झाला ते फाशावर. आम्ही तो सहावा रकाना पाहिला आणि म्हटलं, पोरांनो, हे तर ओळखीचं निघालं!

त्या ताऱ्यांच्या राज्यात सम्राट आहे, त्याच्याखाली सरदार-उमराव आहेत. का, तर त्याचंही कारण खेळात दिलंय. तिथे बातमी जहाजाच्या वेगानेच जाते, एका उडीला आठवडाभर लागतो. सम्राट दूर, म्हणून कारभार जवळच्या सरदाराकडे. यंत्र जसं असेल तसा समाज घडतो, असा हा हिशेब. हिशेब हुशारीचा आहे. पण आम्हाला इथे थोडा वाद घालायचा आहे.

आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यात तार होती, टपाल होतं, हैदराबादहून नांदेडावरून मनमाडला आगगाडी जात होती. बातमी तासाभरात पोचत होती. तरी जहागीरदार होते आणि वेठही होती. तारेने जहागीरदार गेला नाही. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि १९४९ मध्ये जहागिरी कायद्याने काढल्या, तेव्हा तो गेला.

दुसरं उदाहरण गिरणीचं. नांदेडच्या उस्मानशाही मिलचा भोंगा ऐकलेली माणसं आज या सभेत बसलेली आहेत, त्यांना धोटा म्हणजे काय ते सांगायला नको. लेकरांसाठी सांगतो. विणताना आडवा दोरा घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा. आतली कांडी संपली की नवी घालायची आणि दोऱ्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढायचं. मुंबईच्या गिरण्यांत एवढ्या कारणावरून अस्पृश्य कामगाराला विणाई खात्यात घेत नसत. त्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार! पगार मात्र विणाईत जास्त. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता.

आता गंमत बघा. तोंड न लावता दोरा ओवता येईल असा धोटा जगात तेव्हाही होता. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्येच तोंडाने ओढायच्या धोट्यावर बंदी घातली होती, कारण त्यातून रोग पसरतात. म्हणजे यंत्राचा तोडगा निघाला होता. आपल्याकडे तो आणावा असं वाटलं नाही, कारण नुकसान ज्यांचं होत होतं त्यांना विचारतो कोण?

बाबासाहेब यंत्राच्या विरोधात कधीच नव्हते, हे ध्यानात ठेवा. १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात त्यांनी सांगितलं की दोष यंत्राचा नाही, समाजाच्या चुकीच्या रचनेचा आहे. रचना बदला म्हणजे यंत्राचा लाभ सगळ्यांना मिळेल. यंत्राने माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय माणूस जनावरासारखा राबतच राहतो.

आमच्या मिलचं सांगतो, मिलचं नाव घेत नाही. पूर्वी डाळ निवडायला पत्र्याच्या शेडमध्ये बायांच्या रांगा बसायच्या. मग सॉर्टेक्स आलं. डाळ वरून घसरत येते, कॅमेरा दाणा न् दाणा बघतो, डागी दिसला की हवेचा झोत मारून बाजूला उडवतो. बाईचे डोळे दुखतात, मान अवघडते, मशीनला ते नाही. मशीन चांगलंच आहे, आम्ही तक्रार करत नाही. पण ते चालवायला बाहेरून एक पोरगा आणला आणि त्याने आठवडाभरात शिकून घेतलं. वीस वर्षे डाळ पारखलेल्या एकाही बाईला कुणी विचारलं नाही, की बाई, तू शिकतीस का? दोघी-तिघी राहिल्या. झाडायला.

आणि हा रोबोट शब्द. कारेल चापेक नावाच्या चेक लेखकाच्या १९२० च्या नाटकातून तो जगभर गेला. त्यांच्या भाषेत रोबोटा म्हणजे वेठ! लोखंडाला वेठीला धरायचं, माणसाला मोकळं करायचं. मोकळं म्हणजे नुसतं रिकामं नव्हे.

तर मुलांनी आपल्याच गावाचा खेळ मांडला. लातूर, सन २१००. पहिला प्रश्न पाण्याचाच निघाला. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं हे गाव. मुलांनी हवेतून पाणी काढणारी यंत्रे बसवली. फार छान. आम्ही विचारलं, यंत्राच्या टाक्या कोण धुणार? एक म्हणाला, रोबोट. रोबोट बिघडला तर? सगळे गप्प. सगळ्यांना वैमानिक नाहीतर कलेक्टर व्हायचं होतं.

नववीतल्या एका मुलीचे फासे पडले : शिक्षण अकरा, दर्जा दोन. पोरं हसली. ती म्हणाली, सगळं मशीन करतंय तर हा दर्जाचा रकाना कशाला ठेवलाय? काही जण म्हणाले, खोडून टाकू. आम्ही नको म्हटलं. कागदावर खोडला म्हणून गावातला जात नाही. रकाना राहू द्या आणि ठरवा, की हे यंत्र आल्यावर हिचा आकडा कशाने बदलेल? तिनेच तोड काढली. टाकीचं यंत्र जो धुतो त्यालाच ते दुरुस्त करायला शिकवायचं आणि यंत्र गावाच्या मालकीचं. त्यावर रात्री दहापर्यंत भांडण चाललं. कलेक्टर झालेल्या पोराला ते मान्य नव्हतं. अजूनही नाही.

समितीने दर रविवारी वंदनेनंतर खेळायला मागची खोली दिली आहे. फासे दोनच आहेत, कुणाकडे असतील तर आणावेत. आणखी एक. सॉर्टेक्स चालवणारा आमच्या ओळखीचा एक ऑपरेटर फावल्या वेळात शिकवायला तयार झाला आहे. ज्या बाया-पोरींना शिकायचं असेल त्यांनी आज जाण्याआधी दाराशी ठेवलेल्या वहीत नाव लिहावं. लिहिता येत नसेल तर आम्ही लिहून घेतो.

जय भीम.