गिरणी घेण्याआधी वायरिंग बघा

गटातून कर्ज काढून आपण पिठाची गिरणी घेतो, शेवयांचं मशीन घेतो. पण ते जोडतो कशाला? सासऱ्यांच्या काळातल्या वायरिंगला! ते केलं होतं दोन बल्ब आणि एका पंख्यापुरतं. एक एचपीची मोटर म्हणजे सुमारे ७५० वॅट. एवढा भार पडला की जुनी वायर तापते, वरचं आवरण तडकतं.

बोर्ड गरम लागतो का? जळका वास येतो का? मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात का? मग मेन स्विच बंद करा आणि लायसन्स असलेला वायरमन बोलवा. फ्यूज सारखा उडतो म्हणून जाड तार घालू नका. फ्यूज टिकेल, पण वायर पेटेल.

तीन कामं करून घ्या: नीट अर्थिंग, तीन पिनांचं सॉकेट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. एमसीबी वायरला जपतो, शॉकपासून माणसाला जपतो तो आरसीसीबी. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत जा.

हा खर्च मशीनच्या कर्जातच धरा. असा अर्ज बैठकीत आला की अध्यक्षताईंनी आधी विचारावं, “घरात अर्थिंग झालंय का?”