पीकराखणीच्या बंदुकीचा गंज



भात पोटरीत आलं की रानडुकरांचा फेरा सुरू होतो, आणि माळ्यावरची ठासणीची बंदूक खाली येते. कोकणातल्या पावसाळी हवेनं नळीवर तांबूस गंज धरलेला असतो. मग कुणी तो चिंचेनं घासतो, कुणी जाड काचकागदानं. नळी घासलेल्या कळशीसारखी लख्ख होते खरी, पण चूक तिथंच होते. नळीवरचा काळसर-निळा थर गंजाला थोडंफार अडवतो. आंबटानं तो निघून जातो, आणि उघडं पोलाद आठ-पंधरा दिवसांत पुन्हा गंजतं.

हात लावण्याआधी बंदूक रिकामी आहे का ते बघा. घोड्याखालची टोपी काढा. नळीचं तोंड मोकळ्या जागेकडे ठेवून बाजूला उभे राहा आणि गज आत अलगद सोडा. तो जिथवर गेला तिथं खूण करा, बाहेर काढून नळीला लावून बघा. टोपीच्या जागेपर्यंत पोचत नसेल, तर आत बार आहे असं समजा. मागच्या साली भरलेला बारसुद्धा उडतो! अशी बंदूक खरडू नका, परवानाधारक कारागिराकडूनच रिकामी करून घ्या.

नळी रिकामी असेल तर पुढचं काम सोपं. काळ्या दारूच्या काजळीतले क्षार ओल धरतात आणि नळी आतून खातात. ते नुसत्या रॉकेलानं जात नाहीत, त्याला गरम साबणाचं पाणीच हवं. गजाला चिंधी गुंडाळून नळी धुवा, लगेच कोरडी करा, मग तेल द्या.

बाहेरच्या गंजावर शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी अगदी बारीक तारेच्या काथ्यानं, नळीच्या लांबीनं, हलक्या हातानं घासा. चिंधीला तांबूस लागायचं थांबलं की तुम्हीही थांबा. राहिलेले डाग राहू देत. खोबरेल नको, ते थंडीत थिजतं आणि पुढं चिकटतं.

चाप आणि घोड्याच्या आतल्या खाचा मात्र घासू नका. खाच थोडी झिजली तरी चाप न ओढता घोडा पडू शकतो. नळीवरचा नंबरही सांभाळा. तो पुसणं हा 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. (डुकरावर बार टाकायला वनखात्याची परवानगी लागते, ती निराळी.)

बंदूक गोणपाटात किंवा चामडी खोळीत गुंडाळून ठेवू नका, त्यात ओल राहते. निवडणुकीत ठाण्यात जमा करायची असेल, तर आदल्या दिवशी तेलाचं फडकं फिरवूनच द्या.