स्मरणातील निसर्ग आणि कविमन

निसर्गसौंदर्य पाहून मन प्रसन्न होते, हा सर्वांचाच अनुभव आहे. परंतु ते सौंदर्य दृष्टीआड झाल्यावरही खचलेल्या मनाला उभारी देते, ही गोष्ट विशेषेकरून काव्याने जगाच्या निदर्शनास आणली.

१८०२ सालच्या एप्रिलमध्ये वर्डस्वर्थने आपली बहीण डोरोथी हिच्यासह अल्सवॉटर सरोवराच्या काठी वाऱ्यावर डोलणारी डॅफोडिलची फुले पाहिली. डोरोथीने त्यांची नोंद आपल्या रोजनिशीत केली. वर्डस्वर्थची कविता मात्र सुमारे दोन वर्षांनी लिहिली गेली आणि १८०७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा खरा विषय केवळ फुले नव्हेत. कवी घरात विमनस्क पडलेला असताना तीच फुले अंतश्चक्षूंपुढे उभी राहतात आणि त्याचे मन पुन्हा उल्हसित होते, हा तिचा विषय होय.

हे धन मनात कसे साठते, हे समजून घेण्यास बऱ्हाणपूरच्या रहिवाशाला दूर जावे लागत नाही. सातपुड्याच्या उतारावरील पावसाचे पाणी जमिनीत मुरते, १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानान यांच्या काळात बांधलेल्या कुंडी भंडाऱ्याच्या भुयारात झिरपते आणि कुंडीमागून कुंडी ओलांडीत शहराकडे येते. पाऊस केव्हाच सरलेला असतो. तहान मात्र त्याच पाण्याने भागते. स्मृतीचे कार्यही असेच आहे. परंतु मुरण्यास अवधी हवा. घाईने पाहिलेले दृश्य खडकावरील सरीप्रमाणे वाहून जाते.

बऱ्हाणपूरवरून वाहणारी तापी पुढे खानदेशात उतरते. त्याच खानदेशातील धरणगाव हे त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचे जन्मगाव. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. ‘फुलराणी’ लिहिणाऱ्या या कवीच्या मनावर औदासीन्याची छायाही वारंवार पडत असे. ‘औदुंबर’च्या अवघ्या आठ ओळींत हिरवी शेते आणि पांढरी पायवाट आहे, तसेच काळसर पाण्यात पाय सोडून बसलेले झाडही आहे. प्रसन्नता आणि विषाद तेथे शेजारी नांदतात. यावरून दिसते की, निसर्गाचे स्मरण दुःख पुसून टाकीत नाही. दुःखाला विसाव्याची जागा देते. मनाला मिळणारी उभारी ती हीच.

१९१८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, बालकवींचा रेल्वे अपघातात अंत झाला. त्यांनी पाहिलेली शेते मात्र वाचकांच्या मनात अद्याप हिरवी आहेत. तापीकाठी सायंकाळी घटकाभर स्वस्थ बसणाऱ्या मनुष्याचा तो वेळ म्हणूनच वाया जात नाही. पुढील एखाद्या कठीण दिवसाची शिदोरी तो नकळत बांधून घेत असतो.