पोटदुखी : सोंग की सत्य?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक. वैद्यकावर बोलण्याचा मला अधिकार नाही. तरी उभा राहिलो, याला कारण आहे. माझ्या वर्गातील एक मुलगा वरचेवर पोट धरून बसे. डॉक्टरांच्या तपासणीत काही निघाले नव्हते. “परीक्षा आली की बरे याचे पोट दुखते!” असे मी भर वर्गात म्हणालो. वर्ग हसला. पुढे चाळिशी उलटल्यावर तीच व्यथा माझ्या वाट्यास आली. ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ असे डॉक्टरांनी तिचे नाव सांगितले. रिपोर्ट सारे निर्दोष. आणि घरच्यांच्या मुद्रेवर माझाच जुना संशय!

या विकारात आतड्यास व्रण वा गाठ नसते. पुष्कळ रोग्यांत बिघाड असतो तो संवेदनेत. १९७३ साली रिची या संशोधकाने मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात फुगा घालून तो फुगवून पाहिला. तो ६० मिलिलिटरपर्यंत फुगताच या रोग्यांपैकी ५५ टक्क्यांस वेदना झाल्या. विकार नसलेल्यांपैकी अवघ्या ६ टक्क्यांस. एरवी वायूने आतडे ताणले गेले तर आपणांस त्याची दादही नसते. यांच्या बाबतीत मात्र मज्जातंतू तोच निरोप वाढवून मेंदूकडे पोहोचवितात, आणि मेंदूही तो वेदना म्हणूनच वाचतो. जुलाबाच्या एखाद्या जोरदार आजारानंतरही काहींना हा विकार जडतो. चिंतेने ही संवेदना अधिक तीव्र होते. म्हणजे परीक्षा आली की त्या मुलाचे पोट दुखे, हे माझे निरीक्षण खरेच होते. चुकला तो निष्कर्ष.

मला डॉक्टरांनी अल्प मात्रेत अ‍ॅमिट्रिप्टिलिन लिहून दिले. ते खिन्नतेवरचे औषध आहे असे कळताच, “मी काय वेडा आहे?” म्हणून चिठ्ठी मी फाडून टाकली. मास्तरकीचा अहंकार, दुसरे काय! या औषधाने वेदनावाहक तंतूंची तीव्रता उतरते, हे मला मागाहून समजले. २०२३ साली ब्रिटनमधील मोठ्या चाचणीतही त्याचा गुण दिसून आला. मात्र शौचावाटे रक्त जाणे, वजन घटणे, पंडुरोग, झोपमोड करणारी वेदना, किंवा उतारवयात प्रथमच उद्भवलेला त्रास यांपैकी काहीही असल्यास या विकाराचे नाव घेऊन स्वस्थ बसू नये. डॉक्टरांकडून पूर्ण तपासणी करून घ्यावी.

तो विद्यार्थी आपल्याच ज्ञातीतला. आज या सभागृहात असल्यास त्याने भोजनापूर्वी मला अवश्य भेटावे. मला त्याची क्षमा मागावयाची आहे.