दाराचा रंग आणि ब्रशाची निगा



जीर्णोद्धार म्हटला की सर्वांची नजर कळसाकडे जाते. परंतु भाविकांचा हात रोज लागतो तो दाराला. केज भागात उन्हाळा कडक, रानातली धूळ वाऱ्याबरोबर थेट आत येते. त्यात समईचे तेल आणि कुंकवाची बोटे! म्हणून आतल्या दारांना चकचकीत ऑईल पेंट देतात. ओल्या फडक्याने तो स्वच्छ होतो. मात्र या रंगात ब्रशाची प्रत्येक रेघ व गळालेला प्रत्येक केस उठून दिसतो. तेव्हा वर्गणीच्या पैशातून रंग भारी आणि ब्रश हलका, असा व्यवहार करू नये.

मधल्या फळ्या व चौकटीस 2 इंची, तर कडा-कोपऱ्यांस 1 इंची ब्रश पुरतो. केस दाट व टोकाशी निमुळते असावेत. तैलरंगासाठी रंगारी पूर्वापार डुकराच्या केसांचा ब्रश वापरत आले आहेत. देवळात तो नको असल्यास पॉलिएस्टरच्या तंतूंचा चांगला ब्रश मिळतो. रंग जुन्या मलमलीतून गाळून लहान डब्यात घ्यावा आणि केसांचा अर्धा भागच बुडवावा. आधी मधल्या फळ्या, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या, हा क्रम ठेवावा.

जुना रंग कोरडा घासू नये. घरगुती रंगातील शिसे दहा लाख भागांत 90 भागांपुरते मर्यादित करणारा नियम 2016 साली निघाला व 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे अधिक असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांना बाधते. पाण्याचा पॉलिश पेपर घ्यावा, मुलांना दूर ठेवावे.

पेरणी आटोपली की शेतकरी तिफण चिखलात टाकून जात नाही. ब्रशाचेही तसेच. काम संपताच तो रद्दीवर पुसावा, टर्पेंटाइनमध्ये दोनदा खळबळावा, साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा, केस सरळ करून कागदात गुंडाळून टांगावा. डब्यात केसांवर उभा ठेवल्यास तो कायमचा वाकतो. मळके टर्पेंटाइन झाकून ठेवावे; गाळ खाली बसला की वरचे पुन्हा वापरता येते. ते विहिरीत किंवा ओढ्यात ओतू नये.

सर्वांत महत्त्वाचे, जवसाच्या तेलाने किंवा ऑईल पेंटने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकू नये. तेल वाळताना उष्णता धरते आणि काडी न लावताही बोळा पेटू शकतो. चिंध्या बाहेर मोकळ्या पसरून वाळवाव्यात अथवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. काम चालू असता दारे-खिडक्या उघड्या असाव्यात व समई दूर न्यावी.

खंडेनवमीला अवजारांची पूजा होते. यंदा तिथे तिफणीशेजारी धुतलेला ब्रशही मांडावा.