अकरा विजेतेपदं आणि आपला स्मॅश



  राज्यभरातल्या बॅडमिंटन प्रशिक्षकांच्या या संमेलनात अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. मी मात्र एकाच खेळाडूबद्दल बोलणार आहे, कारण तिच्या निमित्ताने तीस वर्षं मनात साचलेलं आज बोलता येईल.

दक्षिण कोरियाच्या आन से-यंगने २०२५ मध्ये ७७ सामने खेळले आणि ७३ जिंकले. मलेशियापासून सुरुवात, मग आपली दिल्ली, मार्चमध्ये ऑल इंग्लंड, आणि डिसेंबरात हांगझोला वर्ल्ड टूर फायनल्स. एकूण ११ विजेतेपदं. एकेरीत एका मोसमात एवढी याआधी फक्त जपानच्या केंतो मोमोताने मिळवली होती, २०१९ मध्ये.

आता या दोघांचा खेळ आठवा. स्मॅशच्या जोरावर नाव कमावणाऱ्यांतले हे दोघं नव्हेत. मोमोता नेटवर फूल इतकं चिकटवून ठेवायचा की समोरच्याला उचलून द्यावंच लागे. बासेलच्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरीत त्याने आपल्या साई प्रणीतला असंच बांधून ठेवलं आणि अंतिम सामन्यात अँडर्स अँटनसनला २१-९, २१-३ असं हरवलं. जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना, आणि दुसऱ्या गेममध्ये तीन गुण!

गेल्या वर्षी जानेवारीत तिकीट काढून मी दिल्लीला गेलो होतो. फुलाकडे पाहिलंच नाही, आनचे पाय पाहिले. फटका मारला की ती मध्यावर परत, आणि समोरच्या खेळाडूची रॅकेट फुलाला लागते न लागते तोच हलकीशी उडी घेऊन तयार. मॅटवर बुटांचा आवाजसुद्धा बेताचा. ती आता आक्रमकही खेळते, असं इथले काही मित्र म्हणतील. खेळते, मान्य. पण प्रत्येक फूल परत आणण्याची सवय तिने आधी लावून घेतली, मारायला मग शिकली. आपण हाच क्रम उलटा केला आहे.

दहा वर्षांच्या मुलाला जंप स्मॅश शिकवावा का, यावर सकाळी बराच वाद झाला. माझ्या हॉलवर एक मुलगा होता, चपळ आणि गुणी. आठ महिने मी त्याला स्मॅश मारू दिला नाही. फुटवर्क, टॉस, ड्रॉप, नेट, पुन्हा फुटवर्क. एक दिवस वडील आले. "सर, तुम्ही माझ्या पोराला भित्रा करताय," म्हणाले, आणि त्याला दुसरीकडे घेऊन गेले. तिथे त्याने तेरा वर्षांखालच्या गटात करंडक मिळवले, फोटो छापून आले. सतराव्या वर्षी तो मला भेटायला आला तेव्हा कंगवा डाव्या हाताने फिरवत होता. उजवा खांदा वर जात नव्हता. तेरा वर्षांखालच्या करंडकांवरून आमचं मोल ठरवणाऱ्यांनी आणि ते ठरवू देणाऱ्या आपण सगळ्यांनी त्या खांद्याचा हिशेब द्यायला हवा. मी तो इतकी वर्षं मागत आलो आहे.

आणि हे शहाणपण आपल्याला कोरियातून आणावं लागावं? सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरला स्पर्धा जिंकली, परदेशात आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू. त्यांना खेळताना पाहिलेली माणसं आजही त्यांच्या मनगटाबद्दल बोलतात, फूल शेवटच्या क्षणी कसं वळायचं ते हाताने करून दाखवतात. तो खेळ आपल्या घरचा होता. आपण तो हातचा घालवला, याचं मला फार दुःख आहे.

लहान मुलांसाठी एक साधा अभ्यासक्रम लिहून काढावा, असं मनात आहे. त्याचा आराखडा अजून व्हायचा आहे. स्पर्धांची संख्या कमी करण्याबद्दलही संघटनेशी बोलावं लागेल. आणि नाटेकरांसमोर खेळलेले जे कोणी हयात असतील, त्यांच्याकडे जाऊन त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवू. कोण कुणाकडे जाणार, ते जेवणाच्या सुटीत मला येऊन सांगा. मी मागच्या दाराशी थांबतो.